झंस्कारला पुन्हा: रस्ता झाल्यानंतरच्या ट्रेकच्या आखणीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

२००७ साली आम्ही हिमाचलातल्या दारचाहून शिंगो ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून लडाखच्या झंस्कार खोऱ्यातल्या पदुमला चालत गेलो होतो. आज त्या अख्ख्या वाटेवर गाडी जाते. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने (बीआरओ) मार्च २०२४ मध्ये जोडला. त्याच वर्षी २६ जुलैला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. तो झाला की खिंडीवर चढायचंही कारण उरणार नाही. नकाशे शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: जुना शिंगो ला आणि आताचा शिंकुन ला ही एकच खिंड आहे, दोन समजून गोंधळू नका.

रस्ता झाला म्हणून गळा काढायचा नाही, हे आमच्यात आधीच ठरलंय. वाटेवरच्या कारग्याक गावात कुणी आजारी पडलं तर त्याला घोड्यावर घालून पदुम गाठायला काही दिवस लागायचे. वर्षाला एकदा सुट्टी काढून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यावर काय बोलायचं? चालायला जागा हवी असेल तर ती आपण शोधावी.

तर काम असं: तेच खोरं, तीच गावं, फुगतालचा गोंपा (बौद्ध मठ) हवाच, आणि तंबू-घोडे घेऊन सलग चालता येईल असा पल्ला. गाडीरस्त्यावरून चालणं शक्य तितकं कमी. जायचं सप्टेंबरात. या नोंदी जुना दारचा-पदुम केलेल्या आणि आता पुन्हा जाऊ बघणाऱ्या लोकांसाठी.

२६ जानेवारी

जुनी वाट आणि नवा रस्ता एकावर एक ठेवून बघायला बसलो. आमची २००७ ची वाट कागदी नकाशावर पेन्सिलने मारलेली होती. तिच्यावरून मुक्कामांच्या जागा ओळखून संगणकावर रेघ ओढली. रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच भरलेला इंटरनेटवरचा नकाशा) बऱ्यापैकी आहे, पण तुकड्यातुकड्यांत. काही तुकडे अजून पाऊलवाट म्हणूनच नोंदलेले आहेत. त्यामुळे त्यावर विसंबून चालणार नाही.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, म्हणून ती काढली. यात दोन शनिवार-रविवार फुकट गेले, कारण ताजी म्हणून हिवाळ्यातली चित्रं घेतली आणि बर्फात काहीच कळेना. सप्टेंबरची घ्या. बर्फ कमीत कमी असतो आणि पिकलेली शेतं गावाची जागा दाखवतात. या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. रस्ता स्वतः त्याहून अरुंद, त्यामुळे तो शोधत बसू नये. रस्ता खणताना दरीत लोटलेला राडारोडा बघावा. उतारावर फिकट रंगाचे ओघळ एकाच उंचीवरून खाली आलेले दिसले की त्यांच्या डोक्यावर रस्ता आहे.

आणखी एक अडचण. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. अरुंद घळीत पश्चिमेकडे तोंड केलेला उतार तेव्हा सावलीत असतो, तिथे काळं फडकं टाकल्यासारखं चित्र येतं. पुर्नेच्या आसपासचा भाग मला त्यामुळे नीट वाचता आला नाही. तो फोनवर विचारूनच भरावा लागेल.

निष्कर्ष: कारग्याकचं खोरं जवळजवळ पूर्ण गेलं. खिंडीपासून गुंबुरंजोनचा सुळका, कारग्याक, तांग्झे, तेस्ता, पुर्ने, रेरू, पदुम, सगळीकडे रस्ता जुन्या वाटेच्या उराशी. फुगतालची घळ मात्र शिल्लक आहे.

९ फेब्रुवारी

पहिला विचार साहजिक होता: रस्ता एका काठाने गेला असेल, तर समोरच्या काठाने किंवा वरच्या अंगाने जुन्या वाटा धरून जाऊ. कागदावर छान दिसतं.

खोऱ्यातल्या एका होमस्टेच्या मालकांशी फोनवर बोललो. त्यांना मी आचो-ले म्हणतो. तिकडे थोरल्या भावाला, आणि आदराने इतर पुरुषांनाही, तसंच म्हणतात. त्यांनी पाच मिनिटांत बेत मोडीत काढला. वाट चालती राहते ती माणसं-जनावरं रोज जातात म्हणून. गाडी आल्यावर तिकडून कोण जाईल? बर्फ वितळताना दरवर्षी घसारा येतो. पूर्वी गावकरी फावडी घेऊन वाट पुन्हा काढायचे, आता तेवढ्यासाठी कुणी जात नाही. बऱ्याच ठिकाणी रस्त्याचाच राडारोडा जुन्या वाटेवर पडलाय.

पुलांचीही तीच गत. ३१ डिसेंबर २०१४ ला फुगतालच्या वरच्या अंगाला डोंगर कोसळून नदी अडली, मोठं तळं साचलं आणि ७ मे २०१५ ला ते फुटलं. त्या लोंढ्यात खालचे पूल गेले. महत्त्वाचे पुन्हा बांधले गेले, पण माझा कागदी नकाशा त्याआधीचा. त्यावर पुलाची खूण आहे म्हणून तिथे पूल असेलच असं नाही. ज्यांच्याकडे असा जुना नकाशा आहे त्यांनी त्यावरच्या सगळ्या पुलांवर आजच प्रश्नचिन्ह मारून ठेवावं.

हा पर्याय बाद. तोटा काही नाही, पंधरा दिवसांची स्वप्नं तेवढी गेली.

२ मार्च

लामायुरू-पदुम ट्रेकचा पर्याय बघितला. हनुपट्टा, फोटोकसर, सेंगे ला, लिंगशेड, हनुमा ला, पर्फी ला: नावं घेतली तरी पाय शिवशिवतात. पण फोटोकसरच नव्हे, लिंगशेडपर्यंत गाडी पोचलीय. लिंगशेडपासून पुढचा तुकडा करता येईल, पण मग फुगताल दुसऱ्याच टोकाला राहतो. शिवाय इकडेही अजून काम चालू आहे. आज आखलेलं सप्टेंबरपर्यंत टिकेल का, ही टांगती तलवार नको.

झांगलामागच्या झुंगलाम वाटेचाही विषय निघाला. आमच्यातल्या धाकट्याला फार हौस. ती वाट म्हणजे घळीतून पुन्हा पुन्हा पाण्यात उतरणं आहे आणि आमच्यात दोघे पन्नाशी ओलांडलेले. विषय बंद.

१६ मार्च

सुटलं! इतके दिवस आम्ही रस्त्याला समांतर वाटा शोधत होतो. समांतर गेलं की रस्ता आज ना उद्या गाठणारच, कारण तोही नदीकाठानेच जातो. रस्त्याला आडवं जायला हवं.

आडवी वाट आहे: फिर्त्से ला. तांग्झे-कारग्याकच्या पट्ट्यातून खोरं सोडून पूर्वेकडे वळायचं, साडेपाच हजार मीटरच्या आसपासची ही खिंड चढायची, पलीकडे लिंग्तीच्या खोऱ्यात उतरायचं आणि मनाली-लेह रस्त्यावर सारचूला निघायचं. घोडे जातात. मधे गाव नाही. उपग्रहाच्या चित्रांत खिंडीच्या दोन्ही बाजूंना राडारोड्याचा एकही ओघळ दिसला नाही.

म्हणजे ट्रेक खोऱ्यात संपण्याऐवजी खोऱ्यातून सुरू होईल. ज्या गावांत २००७ ला थकून पोचलो होतो तिथे आता गाडीने उतरून, दोन दिवस राहून, मग चालायला लागायचं. हे आधी जरा खटकलं. नंतर वाटलं, तेव्हा आमच्यात कुणाशी धड बोलायचं त्राण नव्हतं. या वेळी असेल.

३० मार्च

आज सगळ्यात जास्त वेळ उंचीवर गेला. नवीन आखणी करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये.

जुन्या ट्रेकमध्ये हवेची सवय आपोआप व्हायची. दारचा ३,३६० मीटर. तिथून तळ टाकत टाकत खिंडीखाली पोचायला तीन-चार दिवस लागायचे आणि तेवढ्यात शरीर जुळवून घ्यायचं. आम्ही त्यासाठी वेगळा एकही दिवस ठेवला नव्हता, गरजच नव्हती. आता मनालीहून (सुमारे २,०५० मीटर) पहाटे निघा. अटल बोगदा २०२० मध्ये झाल्यापासून रोहतांगचा वळसाही नाही. दुपारी तुम्ही १६,५८० फुटांच्या शिंकुन लावर उभे, म्हणजे एका दिवसात तीन हजार मीटर. खाली उतरून कारग्याकला झोपाल, पण तेही चार हजारांच्या वर. डोकेदुखीवर भागलं तर नशीब म्हणायचं. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी साचलं तर तुम्ही दोन उंच खिंडींच्या मधे अडकलात.

वर फिर्त्से ला हा शिंकुन लापेक्षा चारेकशे मीटर उंच. म्हणून दिशा उलटी केली. शिरायचं कारगिलकडून: कारगिल २,७०० मीटरच्या आत, पुढे रांगदुम, ४,४०० मीटरचा पेन्झी ला गाडीने पार करून पदुम साधारण ३,६५० मीटर. झोपायची उंची हळूहळू वाढते. बाहेर पडायचं सारचूहून, तेव्हा अंगाला सवय झालेली असेल.

तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा, हा नियम धरून तक्ता मांडला. पदुमला दोन रात्री, पुर्नेला दोन. त्यातल्या एका दिवसात फुगताल. पुर्नेच्या बाजूने गेलं तर पूल ओलांडावा लागतो, समोरच्या छा गावाकडून येणारी वाट गोंपाच्याच काठाने येते. जाताना एक, येताना दुसरी, तेवढीच चाल. तांग्झेला दोन रात्री, तिथे दिवसा वर चढून संध्याकाळी खाली यायचं. मग चाल.

जुन्या वेळेपेक्षा चालण्याचे दिवस कमी आणि सुट्टी मात्र तेवढीच लागतेय. रस्त्याने वेळ वाचतो म्हणतात, तो सगळा इथे परत भरावा लागला.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी): आमच्यातल्या एकाला सल्फाची अॅलर्जी आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याने घ्यायची नाही. बाकीच्यांनीही विचारूनच.

१३ एप्रिल

घोडे. इथे महिना गेला.

२००७ ला दारचात घोडेवाल्यांत घासाघीस करायला मिळाली होती. आता ज्यांना फोन केले त्यातल्या एकाने घोडे विकून पिकअप घेतलाय. दुसऱ्याचे आहेत, पण तो मनालीजवळ पर्यटकांना फिरवतो, इकडे यायला तयार नाही. त्यांचं चूक काय? पिकअप वर्षभर चालतो, घोड्याला वर्षभर खायला घालावं लागतं.

शेवटी आचो-लेंनीच त्यांच्या नात्यातला एकजण गाठून दिला. गावाचा डोक्सा, म्हणजे उन्हाळी चराईची वस्ती, अजून चालू आहे आणि तिथून लोणी, छुर्पे (वाळवलेलं चीज), शेणी आणायला तो घोडे ठेवतो. फिर्त्से ला त्याने पार केलाय. त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं:

"जुले आचो-ले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं म्हणतो."

"पहिल्या आठवड्यात सातूची कापणी. घरात माणसं कमी. मी नाही यायचो."

"मग ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्ये पाणी. पलीकडची नदी घोड्याच्या पोटाला लागते. तुम्ही वाहून जाल."

"मग कधी हो?"

"कापणी झाली की. बर्फ पडायच्या आत."

म्हणजे सप्टेंबरचा मधला काळ, आणि नक्की तारीख पीक कधी पिकतं त्यावर. तो ती ऑगस्टच्या शेवटी सांगणार.

दर: घोड्यामागे दिवसाला दीड हजार, घोडेवाल्याचं जेवण आपल्याकडे, आणि सारचूहून रिकाम्या परतीचे दिवसही धरायचे. हे परतीचे दिवस लोक हिशेबात विसरतात आणि मग सारचूला भांडतात. आमच्या तीन घोड्यांचे, जाण्याचे सहा आणि परतीचे चार दिवस धरून ४५ हजार होतात. चौघांत वाटले तर माणशी सव्वाअकरा हजार. मी दर पाडायचा प्रयत्न केला नाही. खोऱ्यात घोडे उरलेत हेच खूप.

१८ मे

पहलगामचा २२ एप्रिलचा हल्ला आणि त्यानंतरचा मे महिन्याचा पहिला पंधरवडा. श्रीनगर आणि लेह दोन्ही विमानतळ काही दिवस बंद होते. ट्रेकचा विचारही त्या दिवसांत मनात आला नाही. आता विमानं सुरू झाल्यावर पुन्हा बसलो, तर एका घरातून स्पष्ट नकार आला: श्रीनगरमार्गे नाही. वाद घातला नाही.

श्रीनगर-झोजी ला-कारगिल ऐवजी आता विमानाने लेह. विमानाचे पैसे परत मिळाले, श्रीनगरच्या मुक्कामाची आगाऊ रक्कम बुडाली, माणशी नऊशे.

खरा फरक उंचीत पडला. श्रीनगरहून हळूहळू चढणार होतो, आता विमानातून उतरलो की थेट ३,५०० मीटर. लेहमध्ये तीन रात्री वाढवल्या, त्यातले पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. बाजारातही नाही. मग ४,१०८ मीटरचा फोटू ला गाडीने ओलांडून कारगिलला खाली झोपायचं आणि तिथून पदुम. नकाशावर हा प्रकार घोड्याच्या नालासारखा दिसतो आणि लेहचे टॅक्सीवाले विचारतात की सरळ निम्मूहून झंस्कार नदीच्या काठाने का जात नाही. तिथे काम चालू असेल तर गाडी तासन्‌तास अडते, आणि कारगिलची कमी उंचीवरची एक रात्र आम्हाला हवीच आहे.

८ जून

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. दोघांचं पोस्टपेड आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचं, तेवढं पुरे. फिर्त्से लाच्या दोन्ही बाजूंना कुठलंच सिम चालणार नाही.

धाकट्याने परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवलं होतं. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि याच कारणावरून विमानतळांवर लोकांना ताब्यात घेतलंय. ते घरी राहणार. त्याऐवजी जुनी पद्धत: अमुक तारखेपर्यंत सारचूला पोचलो नाही तर कुणी कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून तीन ठिकाणी दिलं. तीन ठिकाणं म्हणजे घर, पदुमचा होमस्टे आणि सारचूला घ्यायला येणारा गाडीवाला.

गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, लेहमध्येच घ्यायचे. चुलीचा जोड कुठल्या डब्याला बसतो ते आधी बघून ठेवलंय, कारण तिथे दोन्ही प्रकार मिळतात आणि घाईत चुकीचा घेतला तर कच्चे तांदूळ चावत बसायची वेळ.

२९ जून

घोडेवाल्याशी पुन्हा बोलणं झालं, या वेळी फक्त पाण्यावर. लिंग्तीच्या बाजूचे ओढे हिमनद्यांचे, दुपारी चढतात. ओलांडायचं ते सकाळी, रात्रीच्या गारठ्याने पाणी उतरलेलं असतं तेव्हा. म्हणून त्या दिवसांची चाल पहाटे सुरू करून दुपारी बाराला तंबू ठोकायचा, असं तक्त्यात बदललं. त्यामुळे एक मुक्काम वाढला.

सारचूआधीच्या मोठ्या नदीचा प्रश्न उरला होता. तो म्हणाला, घोड्यांवर बसवून पार करीन, सामान वेगळं. यासाठी सॅकच्या आत घालायचे जाड प्लॅस्टिकचे लायनर आणि पाण्यात घालायला चौघांना जुने बूट. चपला चालणार नाहीत, तळाला गोटे असतात.

माघारीची रेघही ठरली. खिंडीच्या पायथ्याच्या तळावर ताजा बर्फ पडला किंवा कुणाची डोकेदुखी सकाळपर्यंत गेली नाही, तर सगळ्यांनी तांग्झेला परतायचं. तिथून गाडीने शिंकुन लामार्गे बाहेर. २००७ ला अशी सोय नव्हती, आजारी पडलेल्यालाही चालावंच लागायचं. रस्त्यामुळे आपल्याला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर माझ्यापुरतं हे.

१३ जुलै

हिशेब आजच्या तारखेला, माणशी: विमान जाऊन-येऊन २१ हजार (परत येताना दिल्लीहून), लेह-कारगिल-पदुम-पुर्ने-तांग्झे गाड्या साडेबारा हजार, घोडे सव्वाअकरा होते ते वाढलेल्या मुक्कामामुळे जाता-येताचा एकेक दिवस धरून साडेतेरा, सारचू-मनाली गाडी चार, मनाली-दिल्ली बस दीड, होमस्टे आणि जेवण नऊ, शिधा-गॅस तीन, बुडालेले नऊशे. एकूण साधारण ६५ हजार. गाड्यांचा आकडा बघून धाकटा म्हणाला, "दादा, चालायला जातोय की गाडीत बसायला?" त्याला उत्तर दिलं नाही.

विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. तारीख बदलता येणारी महाग पडतात, पण सातू कधी पिकेल ते माहीत नसताना दुसरी घेण्यात अर्थ नाही. सारचूच्या गाडीवाल्याला दोन दिवस पुढे-मागे चालतील असं कबूल करून घेतलंय, त्यासाठी त्याने एका दिवसाचं जादा भाडं मागितलं आणि ते वाजवी आहे. सारचूचे तंबू सप्टेंबरात उठायला लागतात, म्हणून शेवटच्या रात्रीचा तंबू आणि जेवण आपलंच धरलंय.

घोडेवाल्याला आगाऊ दहा हजार पाठवले. आचो-लेंचा निरोप आला की पोचले, आणि या वर्षी खालच्या गावांत पीक लवकर दिसतंय, वरच्या गावांचं अजून सांगता येत नाही. पुढचा फोन २० ऑगस्टला.